नमुना दिवस

१

दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी आई न्हाणीघराच्या फरशीवर निपचित पडली होती, आणि नेमक्या त्याच मिनिटाला तिचे घर लिहीत होते की ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आहे. या दोन विधानांपैकी पहिले शेजारणीने डोळ्यांनी पाहिले होते. दुसरे एका पेटीने नोंदवले होते, आणि त्या पेटीच्या खरेपणाच्या दाखल्यावर सही होती ती पडलेल्या बाईच्याच मुलीची.

मुलगी रुग्णालयाच्या अरुंद बोळात भिंतीला टेकून मोबाइलवरच्या नोंदी वाचत होती. कचेरीत तिला सगळे 'तपासनीस' म्हणत. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरांत सेन्सर बसवणे, आणि त्या सेन्सरांवरून माणसाची खुशाली ओळखणारा प्रोग्राम लिहिणे, हा त्या कचेरीचा उद्योग. तो प्रोग्राम कुठे चुकतो हे शोधणे, हा तिचा. दारे, दिवे, नळ, पलंग, खुर्ची अशा बारा जागांवरून घर, म्हणजे घरातली पेटी, माणसाची हालचाल वाची, आणि काही विपरीत वाटले तर नातलगाच्या फोनवर लाल खूण उमटे. प्रयोगासाठी पहिले घर तिने आईचेच निवडले होते.

आज लाल खूण उमटलीच नव्हती. नोंदी अगदी रोजच्यासारख्या होत्या. सात दहाला पलंग रिकामा झाला. सव्वासातला नळ. आठला बाल्कनीचे दार. अकरा बत्तीसला गोळ्यांची डबी उघडली आणि बंद झाली. बारा चाळीसला जेवण आटोपून आई खुर्चीत बसली. ती अजून बसलेलीच होती.

डॉक्टर बाहेर आले. वयाने तिच्याहून लहान, पण बोलणे मोजूनमापून.

"स्कॅनिंग झालं. मेंदूत रक्तस्राव नाही, गुठळी आहे. उजवी बाजू पूर्ण लुळी पडलीय. गुठळी विरघळवायचं औषध आहे माझ्याकडे. पण झटका येऊन साडेचार तास उलटले असतील आणि मी ते दिलं, तर तेच औषध रक्तस्राव घडवेल. म्हणून एकच विचारतो. आई धडधाकट असल्याचं शेवटचं नक्की कधी कळलं?"

"शेजारच्या काकूंनी काल संध्याकाळी सहाला पाहिलं."

"मग मला कालचे सहाच धरावे लागतील. म्हणजे औषध नाही."

"आणि नाही दिलं तर?"

डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. "उजवा हात, उजवा पाय, वाचा. यातलं काय परत येईल सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही." त्यांनी घड्याळ पाहिले. पावणेदोन वाजले होते. "सकाळी दहाला झालं असं धरलं, तरी अडीचला दार बंद होतं. तोवर काही सांगता आलं तर सांगा. अंदाज नको, पुरावा हवा."

ते आत गेले. तपासनीस हातातल्या पडद्याकडे पाहत राहिली. त्यावर तिची आई, लुळी न पडलेली, खिडकीजवळ बसली होती.

२

घर खोटे बोलत होते, यात वाद नव्हता. प्रश्न असा होता की कधीपासून, आणि कोणाच्या सांगण्यावरून.

यंत्र बिघडले की ते गप्प होते किंवा बरळते. इतके सुसंगत खोटे ते आपल्या मनाने रचत नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक होते. आणि असे खोटे रचणारे हत्यार कचेरीत होते. ते तिच्याच सांगण्यावरून बनले होते. त्याला सगळे 'पोपट' म्हणत. एखाद्या घरातला पूर्वी नोंदवून ठेवलेला दिवस पोपट प्रोग्रामपुढे अशा रीतीने वदवी, की प्रोग्रामला वाटावे हे सारे आत्ताच घडते आहे. त्यामुळे म्हातारी माणसे खरोखर पडण्याची वाट न पाहता चाचणी घेता येई.

पोपटाचा कर्ता होता तो कचेरीतला 'बिल्डर'. संगणकात नसलेली घरे उभारायची, त्यांत नसलेली माणसे हिंडवायची, हे त्याचे काम. नाव त्यावरूनच पडलेले. तिने त्याला फोन लावला.

"बोला तपासनीसबाई. पण थोडक्यात. सर पाहुण्यांना घेऊन सगळ्या घरांच्या दिव्यांच्या फळ्यासमोर उभे आहेत."

"आज सकाळी त्या फळ्यावर एकही लाल दिवा नको, असं सरांनी तुला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. दरवेळी सांगतात."

"मग तू माझ्या आईच्या घरावर पोपट सोडलास का?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. तो दुसऱ्या खोलीत गेला असावा. "काय झालंय?"

तिने सांगितले. तीन वाक्यांत सांगून झाले.

"ऐका," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली थट्टा पार नाहीशी झाली होती. "मी माझ्या आईशप्पथ सांगतो, असलं काही मी केलेलं नाही. पण शपथेवर जाऊ नका, मोहर बघा. इथून पोपट सोडला तर नोंदीवर कचेरीची मोहर उठते. आईंच्या नोंदींवर कोणाची आहे?"

तिने पाहिले. प्रत्येक नोंदीवर आईच्या घरातल्या पेटीची मोहर होती.

"घराची."

"मग ते घरातूनच आलंय. सगळे साठवलेले दिवस आजच्याशी लावून बघतो, फोन ठेवू नका." कळफलकाचा खडखडाट झाला. "नाही. एकही जुळत नाही. चाचणीचा नमुना दिवससुद्धा नाही. आणि पोपटाचं म्हणाल, तर नव्या उपकरणांबद्दलची तुमची ती तक्रार मी अजून हातात घेतलेली नाही, आधीच सांगतो, नंतर ओरडू नका."

"आत्ता ते नको रे."

"नको. बरोबर."

दोन वाजले. सर, म्हणजे ज्याला लाल दिवा नको होता तो माणूस, आणि बिल्डर, म्हणजे ज्याच्या हाती हत्यार होते तो माणूस, हे दोघेही एका मोहरेने सुटले होते. आणि घरात आईखेरीज कोणीच राहत नव्हते.

३

शेजारीण आईच्या घरी परतली होती. दार उघडेच राहिले होते म्हणून ती आवरायला गेली होती, आणि रडत होती. तपासनीसाने तिला फोनवरच घरभर फिरवायचे ठरवले. स्वतः जाऊन पाहायला वेळ नव्हता. तिथे पोहोचेपर्यंतच अडीच वाजले असते.

"काकू, रडू नका. मला तुमचे डोळे हवेत. न्हाणीघरापासून सुरू करा."

"फरशी कोरडी आहे गं. अंघोळ झालेली दिसतेय, टॉवेल दांडीवर आहे. पण सकाळची की कालची, मी कशी सांगू?"

"स्वयंपाकघर?"

"आवरलेलं. ओटा पुसलेला. तुझी ती नवी गोळ्यांची डबी वरच्या फळीवर आहे. कसलं गं ते झाकण. एका हातानं खटका दाबून धरा, दुसऱ्यानं उचला. तुझी आई रोज त्याला लाखोली वाहते. म्हणते, लेकीनं माझी औषधं तिजोरीत ठेवलीत."

"लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून असतं ते."

"तिच्या घरात लहान मूल कुठून आलं?"

"पुढच्या खोलीत जा. खिडकीजवळच्या खुर्चीत काय आहे? गादीवर काही जड ठेवलंय का? पुस्तकं, पिशवी?"

खुर्चीच्या बैठकीखाली सेन्सर होता. कोणी त्यावर ओझे ठेवले असेल, तर आई बसली आहे असे घराला वाटू शकले असते. तसे असेल तर उरलेल्या नोंदी खऱ्या ठरतील, आणि बारा चाळीस ही वेळही खरी ठरेल. ती एवढ्या एका आशेला लोंबकळत होती.

"कुठली खुर्ची?" शेजारीण म्हणाली.

"खिडकीजवळची. वेताची."

"अगं, ती कुठे आहे आता? वेत तुटला म्हणून सुतार घेऊन गेला. गेल्या बुधवारी. आज आठ दिवस झाले. तिनं तुला सांगितलं नाही?"

बोळातून कोणीतरी चाके लावलेली खाट ढकलत नेली. तपासनीस बाजूला झाली नाही. खाटेलाच तिला वळसा घालून जावे लागले.

आई ज्या खुर्चीत बसली होती, ती खुर्ची घरातच नव्हती.

४

शेवटची आशा गेली. पण एक हत्यार हाती आले. खुर्चीची नोंद ही खोटेपणाची खूण होती. खुर्ची नसताना जिथे खुर्ची दिसेल, तो दिवस बनावट. तिने गेल्या आठ दिवसांच्या नोंदी चाळल्या. इतर साऱ्या दिवशी खुर्ची रिकामी होती, आणि ते तिच्या ध्यानात आले नव्हते, याची शरम वाटायलाही आत्ता फुरसत नव्हती. खुर्ची दोनदाच भरली होती. आज, आणि बरोबर सात दिवसांपूर्वी. दोन्ही गुरुवार.

मग तिने दोन्ही गुरुवार शेजारी शेजारी मांडले. वेळा निराळ्या होत्या. आठचे बाल्कनीचे दार त्या गुरुवारी आठ-चारला उघडले होते, सव्वासातचा नळ सात-अकराला. पण क्रम तोच होता. पलंग, नळ, दार, पुन्हा नळ, दिवा, खुर्ची. कुठेही इकडचे तिकडे नाही.

आणि तो क्रम तिला पाठ होता.

तो नमुना दिवस होता. दोन वर्षांपूर्वी घर पहिल्यांदा जोडले, तेव्हा तिने आईला सांगितले होते की आज सगळे रोजच्यासारखे कर, आम्ही टिपून घेणार आहोत. आणि आई शाळेतल्या तपासणीला मुलगी वागावी तशी दिवसभर शहाण्यासारखी वागली होती. पुढे प्रत्येक चाचणीत तोच दिवस पोपटाने वदवला. प्रोग्रामने तो घोकू नये म्हणून दरवेळी वेळा थोड्या विस्कटून द्याव्यात, ही युक्तीही तपासनीसाचीच. म्हणूनच बिल्डरला तो जुळला नव्हता. आणि म्हणूनच तिलाही आज सकाळी त्या नोंदी पाहून समाधान वाटले होते. इतक्या वेळा तो दिवस तिने पाहिला होता, की आईचा दिवस म्हणजे हाच, असे तिच्या डोळ्यांत ठसले होते.

घराच्या आतून, घराची मोहर उठवून तो दिवस वदवू शकणारी वस्तू एकच होती. सेन्सर बसवून झाले की पेटी नीट ऐकते का हे पाहायला वायरमन वापरत, तो तळहातात मावणारा पोपट. तिने वायरमनला फोन लावला. दोन वाजून नऊ मिनिटे झाली होती.

"काका, हातातला पोपट कुठे आहे?"

"गाडीत असेल ताई. का?"

"काका, आई दवाखान्यात आहे. बोलता येत नाही तिला. खोटं बोलू नका."

रस्त्यावरचा आवाज येत राहिला.

"बाईंकडे आहे," तो शेवटी म्हणाला. "मीच दिला. चार महिने झाले. दर गुरुवारी लावतात त्या."

"कशासाठी?"

"त्या म्हणाल्या, मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. लाइन जोडून दिली, की मी कानावरचा हेडफोन काढून ठेवायचे. लोकांचं बोलणं लोकांचं. आता माझ्या घराच्या कानावरचा हेडफोन आठवड्यातून एक दिवस तरी काढून द्या." त्याने घसा साफ केला. "ताई, रागावू नका. न्हाणीघरात वीस मिनिटं झाली की तुमचा फोन यायचा. रात्री पाणी प्यायला उठल्या तर सकाळी चौकशी. त्या माझ्यापाशी हसत सांगायच्या. पण हसत सांगायच्या म्हणून मी दिला नसता. एकदा त्या रडल्या."

गुन्हेगार सापडला होता. त्याने आपली मागणी तिच्यापाशी कधी केली नव्हती, कारण उत्तर काय येणार हे त्याला ठाऊक होते. किंवा तिला. व्याकरणात काय म्हणावे हे तपासनीसाला सुचेना. गुन्हेगार तिची आई होती.

"आज तिनं तो किती वाजता लावला?"

"उठल्या उठल्या लावतात. संध्याकाळपर्यंत चालतो. मधलं काहीच खरं उमटत नाही ताई. सगळं झाकलं जातं."

५

म्हणजे सगळी कोडी सुटली, आणि जे हवे होते तेच मिळाले नाही. कोण, कशाने, का, हे तिला कळले. कधी, हे फक्त घराला कळले असते. आणि घराचे कान आईने स्वतःच्या हाताने झाकले होते.

सव्वादोन. काचेच्या दाराआड आईचा डावा हात चादरीवर कशाचा तरी शोध घेत असल्यासारखा हलत होता. उजवा हलत नव्हता. त्या हाताने आईने तीस वर्षे अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून दिले होते.

मधलं काहीच खरं उमटत नाही, असे काका म्हणाले होते. सगळं झाकलं जातं. तपासनीसाचा स्वभावच असा होता, की 'सगळं' हा शब्द कोणी उच्चारला की तिला अपवाद आठवावा. कचेरीत या खोडीपायी तिच्याशी जेवायला बसताना लोक जपून बोलत. आताही तो शब्द तिच्या मनात खड्यासारखा खुपला, आणि त्याच्या मागोमाग बिल्डरचे वाक्य आले. नव्या उपकरणांबद्दलची तुमची ती तक्रार.

तिने त्याला पुन्हा फोन लावला. "नमुना दिवसात सेन्सर किती आहेत?"

"अकरा."

"आईच्या घरात?"

"बारा. तीन आठवड्यांपूर्वी तुम्हीच तर ती गोळ्यांची..." तो थबकला. "थांबा."

"पोपट बारावा झाकतो?"

"नाही. जुन्या दिवसात जे नव्हतंच, ते तो झाकू शकत नाही. ते खरंखुरं येतं. हीच तर तुमची तक्रार होती. रोज एक पत्र लिहीत होतात, दोष ताबडतोब दुरुस्त करा म्हणून. मी केला नाही."

"नक्की नाही ना केलास?"

"हात लावला नाही. माझ्या आळसाची मी हमी देतो, बाई."

फोन ठेवता ठेवता तिने शेजारणीला लावला. "काकू, गोळ्यांची डबी. हात न लावता, झाकणातून आरपार बघा. दुपारचा कप्पा, जेवणाआधीचा."

पावले, मग स्टूल सरकवल्याचा आवाज. "रिकामा आहे. रात्रीचा भरलेला आहे."

"झाकण?"

"नीट बंद. खटका लागलेला."

"तुम्ही किंवा आणखी कोणी आज ती उघडली?"

"मी कशाला उघडू? माझ्यानं उघडते का ती? रात्रीच्या जेवणानंतर तुझी आई कप्पे भरते, दुसऱ्या दिवसाचे. मी असते कधी कधी."

दोन वाजून एकवीस मिनिटांनी तिने काचेचे दार ढकलले.

"अकरा बत्तीस," ती डॉक्टरांना म्हणाली. "अकरा बत्तीसला ती धडधाकट होती."

डॉक्टरांनी सारे ऐकून घेतले, आणि कपाळाला आठी घातली. "तुम्हीच म्हणता की घराच्या नोंदी खोट्या आहेत. आणि त्यातलीच एक नोंद तुम्ही मला पुरावा म्हणून देता."

"अकरा साक्षीदार पढवलेले आहेत. बारावा पढवता येत नाही. पढवण्याच्या यंत्राला तो ठाऊकच नाही. आणि मी एकट्या नोंदीवर विसंबत नाही. दुपारचा कप्पा रिकामा आहे, म्हणजे गोळ्या घेतल्या. डबी वरच्या फळीवर आहे, म्हणजे ती उभी होती. आणि ते झाकण एका हातानं उघडत नाही, लावताही येत नाही. एकानं खटका दाबावा लागतो, दुसऱ्यानं झाकण धरावं लागतं. तिनं उघडलं आणि पुन्हा लावलं. डॉक्टर, तुम्ही म्हणालात उजवी बाजू लुळी आहे. अकरा बत्तीसला तिचे दोन्ही हात चालत होते."

डॉक्टर खिडकीबाहेर पाहत उभे राहिले. ते मनातल्या मनात एकेक कडी ओढून पाहत असावेत; तिलाही दुसऱ्या कोणाच्या युक्तिवादापुढे तसेच उभे राहण्याची सवय होती.

"डबी घरातल्या दुसऱ्या कोणी उघडली नसेल?"

"दार कुलपात होतं. किल्ली शेजारच्या काकूंकडे; त्या एकला आल्या."

"आणि तुमचं चुकलं तर?"

"तर ती माझ्यामुळे मरेल," तपासनीस म्हणाली. "मला माहीत आहे."

त्यांनी परिचारिकेला हाक मारली. एक कागद पुढे आला. दोन वर्षांपूर्वी एका दाखल्यावर तिने सही केली होती, तेव्हा पेन कुठले होते तेही तिला आठवत नव्हते. हे पेन निळे होते, त्याच्या टोपणाला दातांच्या खुणा होत्या, आणि सही करताना तिच्या हाताखाली कागद दोनदा सरकला.

६

औषध सुईतून तासभर आत गेले. तो तास, आणि त्यानंतरची संध्याकाळ, तपासनीस बोळातल्या बाकावर बसून होती. तिच्या युक्तिवादात एखादी फट राहिली असेल का, हे ती पुन्हा पुन्हा पाहत होती. एकदा तिला वाटले की सापडली. मग तिने ती बुजवली. मोबाइलवर घर अजून सांगत होते, आई खुर्चीत आहे. सहा वाजता नमुना दिवस संपला, आणि घरात कोणीच उरले नाही. फोनवर लाल खूण उमटली. ती तिने तशीच राहू दिली.

बरोबर एक आठवड्याने, सकाळी, तिने पिशवीतून गोळ्यांची डबी काढून आईच्या मांडीवर ठेवली.

"उघडून दाखव."

आईने तिच्याकडे पाहिले. तोंडाचा उजवा कोपरा अजून खाली ओघळलेला होता. डाव्या हाताने तिने खटका दाबला. उजवा हात चादरीवरून उठला, वाटेत थांबला, थरथरला, झाकणापर्यंत पोहोचला आणि घसरला. तपासनीसाने आपले दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवले होते. दुसऱ्यांदाही घसरला. तिसऱ्यांदा झाकण उचलले गेले.

मग आईने ते लावले. त्याला आणखी वेळ लागला.

"तिजोरी," आई म्हणाली. शब्द जड होता, पण पुरा होता.

"मी दुसरी आणते. साधी."

आईने मान हलवली. हो की नाही, ते कळले नाही. विचारायचे ते सारे तपासनीसाच्या ओठांवर होते. त्या गुरुवारांना तू करत तरी काय होतीस, एवढेच तिने विचारले.

आईने विचार केला. "काही... नाही," ती म्हणाली. "काहीच नाही. लोळायचे."

मग तिने भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिले, आणि पुन्हा मुलीकडे. उजव्या हाताची दोन बोटे दाराच्या दिशेला किंचित उचलली गेली.

"आज गुरुवार," आई म्हणाली. "तू... बाहेर बस."

तपासनीस उठली. दाराशी पोहोचल्यावर तिने वळून पाहिले.

"दार लावून घे," आतून आवाज आला.

तिने दार लावून घेतले. मग बाकावर बसून मोबाइल बंद केला, आणि तो पिशवीच्या तळाशी, हाताला सहज लागणार नाही असा, ठेवून दिला.